गव्याचे शिल्प: रानातल्या वहीपासून ओतीव ब्राँझपर्यंत

गव्याची फसलेली शिल्पे बहुधा पाठीवर फसतात. घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गावातला बैल असतो, म्हणून तो मानेच्या बुडाशी गोल वशिंड चिकटवतो आणि तिथून शेपटीपर्यंत पाठ सरळ ओढतो. गव्याला वशिंड नसते. त्याच्या छातीच्या मणक्यांवरचे काटे कमालीचे लांब असतात. त्यांवर स्नायू चढून खांद्यापासून पाठीच्या साधारण मध्यापर्यंत एक उंच धार उभी राहते. तिथे ती एकदम तुटते आणि कंबर खालच्या पातळीवर सुरू होते. बैलाचे वशिंड मांसाचे असते, गव्याची धार हाडांवर उभी असते. ही रचना फोटोतही दिसते. पण त्या धारेखाली लटकलेले वजन चालताना एका खांद्यावरून दुसऱ्यावर कसे जाते, हे कळायला गवा चालताना पाहावा लागतो.

या लेखात एका पूर्ण वाढलेल्या नर गव्याचे १:६ प्रमाणातले ब्राँझ शिल्प रानातल्या निरीक्षणापासून ब्राँझवरच्या शेवटच्या मेणाच्या हातापर्यंत कसे न्यायचे ते दिले आहे. मातीत साधे डोके किंवा हात घडवता येत असेल, तर हे काम आवाक्यातले आहे. ओतकाम मात्र ओतशाळेतच करून घ्यायचे. ते घरी करण्याचे काम नाही.

रानात कुठे, केव्हा आणि कसे

महाराष्ट्रात गव्यासाठी पहिले नाव राधानगरीचे. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून ते जाहीर झाले. ताडोबा, मेळघाट, पेंच आणि चांदोलीतही गवे आहेत. गोव्याचा तर तो राज्यप्राणी आहे. शिल्पासाठी पाहायचे तर ताडोबासारख्या मोकळ्या कुरणांच्या जंगलात पूर्ण आकृती जास्त वेळ दिसते. सह्याद्रीच्या दाट झाडीत गवा बहुधा तुकड्यांत दिसतो: शिंगे, पाठीची धार, पांढरे पाय. दोन्ही ठिकाणी जावे, पण मोजमापे मोकळ्या जागी घ्यावीत. पहाटे आणि ऊन उतरल्यावर गवे चरायला बाहेर येतात. उन्हाळ्यात पाणवठ्यावर हमखास दिसतात, आणि पाणी पिताना मान खाली गेली की पाठीची धार सर्वांत स्पष्ट होते.

वनखात्याची परवानगी, ठरलेले वाहन आणि वाटाड्या यांशिवाय काम करू नका. परवानगी नसेल तिथे वाहनातून उतरू नका. ड्रोन तर अजिबात नको. गवा शांत दिसतो म्हणून लोक फसतात. तो चरायचा थांबला, मान उंच करून टक लावून पाहू लागला, नाकातून शिट्टीसारखा फुत्कार काढू लागला किंवा पाय आपटू लागला, की वही मिटा आणि सावकाश मागे व्हा. एकांडा नर आणि वासरासोबतची मादी यांच्यापासून जास्तच लांब राहा.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रानात पडलेले शिंग, कवटी, हाड, खूर यांतले काहीही उचलून आणायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गवा अनुसूची १ मध्ये आहे आणि त्याचे अवयव बाळगणे गुन्हा आहे. "अभ्यासासाठी आणले" हे कारण चालत नाही.

सोबत ८×४२ दुर्बीण, ए५ आकाराची जाड कागदाची वही, ४बी पेन्सिल आणि ३०० ते ४०० मि.मी. लेन्सचा कॅमेरा एवढे पुरे. खोडरबर घरी ठेवा. रानात रेघ चुकली तर बाजूला दुसरी काढायची, कारण चुकलेली रेघही नंतर उपयोगी पडते.

वहीत काय उतरवायचे

पहिल्या फेरीत अंग-प्रत्यंग काढायच्या मागे लागू नका. दहा-पंधरा सेकंदांत होईल एवढेच काढा: पाठीची रेघ, पोटाची रेघ, चार पाय जमिनीला कुठे टेकले आहेत त्या खुणा आणि वजन कोणत्या पायावर आहे त्याचा बाण. हा बाण सर्वांत मोलाचा. कारखान्यात दोन महिन्यांनी माती चढवताना फोटो शेकडो असतील, पण वजन कुठे होते ते फोटो सहसा सांगत नाही.

वजन असे ओळखा. पुढच्या पायांचे फरे, म्हणजे खांद्याची सपाट हाडे, धडाला हाडाने जोडलेले नसतात. गुरांना गळपट्टीचे हाड नसते. धड दोन फऱ्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत लटकलेले असते. म्हणून ज्या पुढच्या पायावर भार येतो त्या बाजूचा फरा वर सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा थोडा खाली उतरतो. मागे भाराच्या पायावरचे पुठ्ठ्याचे हाड वर येते, सैल पायाचे खाली जाते आणि त्या पायाचा खूर टोकावर टेकतो. समोरून किंवा मागून पाहताना हे चटकन दिसते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या ठेवल्या की गवा खेळण्यातला दिसू लागतो.

चालीचा क्रम वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. संथ चालीत कायम दोन किंवा तीन खूर जमिनीवर असतात आणि मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराने नुकत्याच सोडलेल्या जागेजवळ पडतो. उठण्या-बसण्याचाही क्रम ठरलेला आहे. बसताना गवा पुढचे गुडघे आधी टेकतो, उठताना मागचा भाग आधी उचलतो. उठणाऱ्या गव्याचे पुढचे पाय आधी सरळ केलेले शिल्प पाहिले, तर गुरे राखणारे लहान पोरही ते चूक आहे म्हणून सांगेल.

मुद्रा निवडताना आक्रमण, उधळलेला कळप, वाघाशी झुंज यांचा मोह होतो. आमचा सल्ला: पहिल्या शिल्पासाठी नराची आडवे उभे राहण्याची मुद्रा घ्या. दुसरा नर समोर आला की गवा त्याच्याकडे तोंड करून धावण्याऐवजी आपली बाजू त्याला दाखवतो, पाठ फुगवतो आणि ताठ, सावकाश पावले टाकतो. आपला आकार दाखवण्याची ही त्याची स्वतःची रीत आहे. यात धार, गळ्याखालची पोळी आणि शिंगे सगळी एकाच बाजूने वाचता येतात. चारही पाय जमिनीवर असल्यामुळे सांगाडा आणि ओतकामही सोपे जाते.

फोटोवरून मोजमाप

मापासाठी फोटो पूर्ण बाजूने आणि शक्यतो प्राण्याच्या निम्म्या उंचीवरून घेतलेला हवा. सहा मीटर उंच मचाणावरून पंधरा मीटरवरच्या गव्याचा फोटो घेतला, तर पाय आखूड आणि पाठ रुंद येते. तोच गवा पन्नास मीटरवर असेल तर फरक नगण्य राहतो. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेले फोटो मापाला घेऊ नका. त्यांत जवळचे डोके मोठे आणि पुठ्ठा लहान होतो.

लेझर रेंजफाइंडर असेल तर खरी उंची काढता येते. सूत्र सोपे आहे: सेन्सरवरची उंची गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लांबी. समजा फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या २४ मि.मी. उंच सेन्सरवर गवा चौकटीच्या पाऊण भागात, म्हणजे १८ मि.मी. मावला. अंतर ४० मीटर आणि लेन्स ४०० मि.मी. १८ × ४०,००० ÷ ४०० = १,८०० मि.मी. म्हणजे खांद्याशी १८० सें.मी. उंच नर, आणि हेच माप आपण पुढे धरणार आहोत. १:६ ने ते ३० सें.मी. होते.

रेंजफाइंडर नसेल तरी काम अडत नाही. खांद्याची उंची १०० धरा आणि बाकी सगळे त्या प्रमाणात मोजा: छातीची खोली, पोट ते जमीन, धार जिथे तुटते तिथली उंची, पुठ्ठ्याची उंची, कपाळाच्या माथ्यापासून नाकापर्यंत डोक्याची लांबी, छातीच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, पुढचा गुडघा आणि मागच्या टाचेचा सांधा. एकाच प्राण्याच्या तीन-चार फोटोंवरून सरासरी घ्या. पूर्ण वाढलेल्या नरात छाती इतकी खोल असते की ती उंचीच्या निम्म्याहून जास्त जागा घेते. तुमच्या मापात पायच लांब निघत असतील, तर फोटो कोवळ्या नराचा आहे किंवा गवतात खूर बुडालेले तुम्ही अंदाजाने धरले आहेत.

ही मापे ३० सें.मी. उंचीला लावून बाजूचे, समोरचे आणि वरचे चित्र खऱ्या आकारात जाड कागदावर काढा. पुढचा सगळा सांगाडा या चित्रावर ठेवून वाकवायचा आहे.

हाडांचा अभ्यास

प्राणिशिल्पात हाडांना पर्याय नाही. पॅरिसचा शिल्पकार आंत्वान-लुई बारी एकोणिसाव्या शतकात तिथल्या वनस्पती-उद्यानातल्या मेलेल्या प्राण्यांची मापे घेई, शवविच्छेदनावरून चित्रे काढी. १८५४ मध्ये तो तिथल्याच निसर्गेतिहास संग्रहालयात प्राणिचित्रणाचा शिक्षक झाला. उलट शिल्पकार रेंब्राँ बुगाट्टी अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात थेट पिंजऱ्यासमोर बसून प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे न वाळणाऱ्या मातीत, घडवत असे. त्याच्या कामात बोटांचे ठसे तसेच राहिलेले दिसतात. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण दुसरी वाट पहिलीवर हात बसल्यावरच साधते.

गव्याचा सांगाडा सहज मिळणार नाही. गाय त्याच प्रजातीतली (genus), बॉस प्रजातीतली, असल्यामुळे पशुवैद्यकीय महाविद्यालयातला गाईचा सांगाडा चालतो. म्हशीचा घेऊ नका, कारण तिची प्रजाती वेगळी आणि ठेवणही वेगळी. मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ६ आणि त्रिकास्थीचे, म्हणजे पुठ्ठ्यांमधल्या हाडाचे, जुळलेले ५ मणके मोजून घ्या. मग छातीच्या मणक्यांवरचे काटे आपल्या बाजूच्या चित्रात गव्याच्या उंचीपर्यंत वाढवा. एवढा एक फरक केला की पाठ आपोआप जागेवर येते.

पायांत नवशिके हमखास चुकतात ते सांध्यांच्या नावामुळे. पुढच्या पायाचा आपण म्हणतो तो गुडघा हे खरे तर मनगट. खरे कोपर छातीला चिकटलेले असते. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा ही टाच, आणि खरा गुडघा कुशीच्या कातडीत पोटाजवळ लपलेला. टाचेचा सांधा पुढच्या गुडघ्यापेक्षा उंचावर असतो. दोन्ही एका पातळीवर ठेवले तर मागचा भाग बसका दिसतो.

जुनी पेंढा भरलेली जनावरे माप म्हणून वापरू नका. कातडी ताणली किंवा आखडली गेलेली असते आणि आतला आकार भरणाऱ्याच्या अंदाजाचा असतो. ही खोट ओळखूनच प्राणी भरण्याच्या कलेतले अमेरिकी कारागीर कार्ल एकली यांनी आधी हाडांवरून मातीत पूर्ण शरीर घडवायचे, त्याचा पोकळ साचा काढायचा आणि त्यावर कातडी चढवायची ही पद्धत रुजवली.

सांगाडा

लागणारे सामान: १९ मि.मी. जाड वॉटरप्रूफ प्लायचा ६० × ३५ सें.मी. पाट, खाली दोन आडव्या पट्ट्या, अर्धा इंची जीआय पाइप, फ्लँज आणि टी, ४ मि.मी. अॅल्युमिनियमची तार सात-आठ मीटर, बाइंडिंग वायर, एम-सील, थर्मोकोल, बारीक जाळी.

उभा पाइप पाटाच्या बरोबर मध्ये लावू नका. गव्याचे वजन पुढे असते, म्हणून धडाच्या मध्यापासून थोडा पुढे फ्लँज बसवा. पाइप पोटातून वर जाऊन जमिनीपासून साधारण २० सें.मी. उंचीवर टीला मिळेल. टीमधून दोन्ही बाजूंना मिळून २२ सें.मी. आडवा पाइप हे धड. टी सैल राहिली तर माती चढल्यावर अख्खा गवा एका बाजूला फिरतो, म्हणून आटे घट्ट करून वर एम-सील भरा.

प्रत्येक पायासाठी तार दुहेरी करून पीळ द्या. बाजूच्या चित्रावर ठेवून प्रत्येक सांध्याची खूण पेनने करा आणि मगच वाकवा. तारेची जागा पायाच्या मध्यावर हवी. ती पुढे आली तर नडगीतून बाहेर डोकावते आणि शेवटपर्यंत छळते. खालचे टोक पाटातल्या भोकातून तीन सें.मी. आरपार सोडा, पण मुद्रा पक्की होईपर्यंत अडकवू नका. खूर दोन-चार मिलिमीटर सरकवावे लागतातच. मान आणि डोक्यासाठी तिहेरी तार, शिंगांसाठी वेगळी एकेरी तार जी ओढून काढता येईल. शिंगे पुढे वेगळी करायची आहेत.

पाठीच्या धारेखाली जाळीची उभी पट्टी तारेने बांधा. छाती आणि पोटात थर्मोकोलचा गाभा बसवा, पण तो अंतिम पृष्ठभागापासून सगळीकडे किमान २ सें.मी. आत राहू द्या. गाभा मोठा झाला तर नंतर कूस आत घेता येत नाही आणि गवा फुगलेला राहतो. गळा आणि पोटाखाली बाइंडिंग वायरने छोट्या लाकडी फुल्या लटकवा, म्हणजे ओली माती खाली घसरत नाही.

माती किती, कोणती

प्रमाण १:६ असेल तर घनफळ २१६ पट कमी होते. ९०० किलोच्या नराचे घनफळ साधारण ९०० लिटर धरले, तर शिल्पाचे सव्वाचार लिटर येते. ओल्या मातीची घनता पाण्याच्या १.८ पट धरून साडेसात किलो. थर्मोकोलने त्यातले दोन किलो वाचतात. तासून निघणारी माती आणि जमिनीचा थर धरून १० किलो घ्या.

शाडू स्वस्त आणि बोटाला गोड, पण ती वाळते आणि आकसते. आतला सांगाडा आकसत नाही, म्हणून भेगा पडतात, आणि पहिल्या भेगा सर्वांत बारीक भागावर, म्हणजे पायांवर. शाडूत काम करायचे तर रोज संध्याकाळी पायांना ओले फडके वेगळे गुंडाळा, धडावर ओला पंचा आणि सगळ्यावर प्लास्टिक. महिनाभरापेक्षा जास्त काम चालणार असेल, किंवा रोज बसणे होणार नसेल, तर महाग असली तरी तेलाची माती घ्या. ती घेताना गंधकविरहित आहे याची खात्री करा. गंधक असलेल्या मातीवर प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन, म्हणजे साच्याचे रबर, जमत नाही आणि साच्याचा आतला थर चिकट राहतो.

घडवण्याचा क्रम

आधी दहा सें.मी. उंचीचा कच्चा नमुना करा. त्याला अर्धा दिवस पुरतो. मुद्रा चारही बाजूंनी चालते का ते यातच ठरवा.

मोठ्या शिल्पावर माती बोटाने दाबून चढवा. थर आणि सांगाडा यांच्यात हवा राहिली तर तो भाग नंतर सुटतो. पहिल्या टप्प्यात कोरणी हातात घेऊच नका. लाकडी थापीने मोठ्या सपाट बाजू पाडा: छातीची पेटी, पुठ्ठ्याचा ठोकळा, मानेची पाचर, डोक्याचा ठोकळा. दर अर्ध्या तासाने ओळंबा धरा. पाठीच्या धारेचा सर्वांत उंच बिंदू पुढच्या पायांच्या वर कुठे येतो ते चित्राशी ताडा, आणि कंपासने छातीची खोली तपासा.

पाहण्याची उंची फार महत्त्वाची आहे. रानात उभ्या माणसाची नजर १६० सें.मी. वर असते. १:६ ने ती शिल्पाच्या जमिनीपासून २७ सें.मी. येते. म्हणून घडवंची अशी लावा की शिल्पाची जमीन तुमच्या डोळ्यांपासून २७ सें.मी. खाली राहील, आणि अडीच मीटर मागे जाऊन पाहा. तो रानातल्या पंधरा मीटरइतका पल्ला झाला. पाठीची धार नजरेच्या वर राहिली पाहिजे. टेबलावर ठेवून वरून बघत घडवलेले गवे पुढे उंच चौथऱ्यावर गेले की पाय बारके आणि पोट कोरडे दिसू लागते, कारण पोटाखाली कोणी पाहिलेलेच नसते.

दुसऱ्या टप्प्यात खुणेची हाडे बसवा: फऱ्याची वरची कड, कोपर, पुठ्ठ्याचे टोक, टाच, बरगड्यांचा शेवटचा कमान-भाग. मग त्यांच्यामधले स्नायू. नराची पोळी दोन भागांत आहे. हनुवटीखाली लहान आणि छातीखाली, पुढच्या पायांच्या मध्ये, मोठी. दोन्ही एकाच पट्ट्यात जोडू नका. शेपूट आखूड असते, टाचेच्या सांध्याच्या फारशी खाली जात नाही. खूर शरीराच्या मानाने लहान. मोठे खूर केले की गव्याचा रेडा होतो.

डोक्यात कपाळाचा शिंगांमधला फुगीर कंगोरा आधी घ्या. शिंगे बुडाशी गोल नसून चपटी, अंडाकृती छेदाची असतात. आधी बाहेर, मग वर आणि टोकांशी आत वळून किंचित मागे जातात. डोळ्यासाठी सहा-सात मिलिमीटरची मातीची गोळी खोबणीत ठेवून पापण्यांच्या बारीक पट्ट्या वरून बसवा. नुसते कोरून केलेला डोळा खोल आणि मेलेला दिसतो. बाहुली आडवी असते. डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, म्हणून समोरून पाहताना पूर्ण डोळा दिसता कामा नये.

केस काढायचा मोह आवरा. गव्याची कातडी तुळतुळीत, आखूड केसांची असते आणि रानात आपल्याला तिच्याखालचे स्नायू चमकताना दिसतात. अंगभर रेघोट्या ओढल्या की तेच स्नायू झाकले जातात. पोत द्यायचा तो कानांच्या आत, कपाळावर आणि शेपटीच्या गोंड्याला.

शेवटी वही उघडा आणि पहिल्या दिवसाचा बाण शोधा. शिल्पात भार त्याच पायावर आहे का? उत्तर शंकास्पद असेल, तर साचा करण्याआधी फरे आणि पुठ्ठे पुन्हा उघडा. इथले दोन दिवस वाया जात नाहीत.

साचा

शिंगे आणि कान तारेने कापून वेगळे करा, जोडावर खुणेची खोबण ठेवा. धडाचा साचा डावा-उजवा दोन भागांत. सांधरेषा पाठीच्या धारेवरून, कपाळाच्या मधून नाकावर आणि खाली पोळीच्या कडेने न्या. साचा आतून मऊ सिलिकॉनचा आणि त्याला आधार देणारे बाहेरचे कवच प्लास्टरचे; पायांच्या मधल्या पोकळीसाठी या कवचाचा तिसरा तुकडा लागेल. तो न केल्यास कवच पोटाखाली अडकते आणि काढताना पाय मोडतात.

या आकाराचे पृष्ठफळ साधारण पाव चौरस मीटर येते. सहा मि.मी. जाडीला दीड लिटर सिलिकॉन लागते. कडा, शिंगे आणि नासाडी धरून अडीच ते तीन किलो आणा. हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने जास्त टाकले तर साचा लवकर ठिसूळ होतो, कमी पडले तर जमतच नाही. पहिला थर पातळ, मऊ ब्रशने, फुंकर मारत, नाकपुड्या आणि पापण्यांतले बुडबुडे फोडत. तो चिकट असतानाच दुसरा. तिसऱ्यात गॉजचे तुकडे दाबा.

कवचासाठी प्लास्टर: एक किलोला ६५० ते ७०० मिली पाणी. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचे, प्लास्टरवर पाणी ओतले की गुठळ्या होतात. काथ्या भिजवून दोन सें.मी. जाडीचे थर द्या, तुकड्यांच्या कडांना व्हॅसलीन लावा.

मेण आणि ओतकाम

या साच्यात शिल्पाची पोकळ मेणाची प्रत काढायची; ओतशाळा तिच्याभोवती नवा साचा करते, मेण जाळून काढते आणि त्या जागी ब्राँझ ओतते. साच्यात पहिले मेण चांगले गरम घालून फिरवा, म्हणजे बारकावे उतरतात. पुढचे थर थोडे निववून घाला, नाहीतर ते आधीचा थर वितळवतात. मेण नेहमी पाण्याच्या दुहेरी भांड्यात वितळवा, कारण थेट ज्योतीवर ते पेट घेते. जाडी सगळीकडे ४ मि.मी. हवी. एका जागी १० मि.मी. साठले तर ब्राँझ तिथे उशिरा थिजते आणि पृष्ठभाग आत ओढला जातो.

मेणाचे वजन करून ठेवा. त्याच्या साडेनऊ-दहा पट ब्राँझ लागते. आपल्या गव्याचे मेण ८५० ग्रॅमच्या आसपास आले, तर शिल्पात आठ-साडेआठ किलो धातू जाईल, आणि धातू आत नेणाऱ्या नळ्या-चोंगा यांचा वेगळा. ओतशाळेकडून दर घेताना हा आकडा हातात असू द्या. थंड होताना मेणही आकसते आणि धातूही. दोन्ही मिळून दोन-अडीच टक्के, म्हणजे ३० सें.मी.चा गवा सव्वाएकोणतीसच्या जवळ येतो. माप अगदी ठरलेले हवे असेल तर मातीतच वाढवून घ्या.

मेणाची डागडुजी स्वतः करा, ओतशाळेवर सोडू नका. सांधरेषा पुसताना कारागीर पाठीची धार गुळगुळीत करून टाकतो, कारण त्याने गवा पाहिलेला नसतो. त्याच्या शेजारी बसून नळ्या कुठे लावायच्या तेही ठरवा: पोटाखाली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, खुरांखाली. चेहऱ्यावर आणि धारेवर नको. वितळलेला धातू खालून वर चढत जावा आणि नाक, कान, शेपूट अशा टोकांतून हवा निघायला वेगळ्या बारीक नळ्या हव्यात. त्या नसल्या की टोके अपुरी उतरतात.

पुढचे काम भट्टीचे. प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचा साचा मेण पूर्ण जळून काळा अंश उरणार नाही इतका वेळ ६०० ते ६५० अंशांवर तापवतात. याहून फार वर गेले तर प्लास्टर ढासळते. ओलावा राहिला तर धातू ओतताना वाफ होऊन उसळतो, आणि म्हणूनच हे घरी करायचे नाही. ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के हे मिश्रण चांगले वाहते. ते साधारण १,१०० ते १,१५० अंशांवर ओतले जाते.

धातूवरचे हात आणि रंग

नळ्यांचे खुंट कापा. ओतताना आतला गाभा जागेवर धरणाऱ्या खिळ्यांची भोके त्याच मिश्रणाच्या सळईने वेल्डिंग करून भरा. दुसरी सळई वापरली तर तो डाग रंग दिल्यावर उठून दिसतो. शिंगे जोडताना दोन्ही टोके समोरून एका पातळीवर येतात का ते वेल्डिंगच्या आधी टाके मारून पाहा.

रंगासाठी पृष्ठभाग पूर्ण तेलमुक्त हवा. बोट लागले तरी डाग येतो, म्हणून हातमोजे घाला. नराच्या अंगाचा काळपट तपकिरी रंग पोटॅशियम सल्फाइडच्या सौम्य द्रावणाने, धातू कोमट करून, अनेक पातळ थरांत चढवा. एकदम दाट दिले की तो पापुद्र्यासारखा सुटतो. गुडघे आणि टाचांपासून खालचे पांढरे मोजे खऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवू नका. तिथे द्रावण लागू न देता फेरिक नायट्रेटचा अगदी फिका हात द्या, म्हणजे सोनेरी-फिकट रंग राहतो आणि गडद धडाशेजारी डोळा त्याला पांढरेच वाचतो. कपाळाच्या कंगोऱ्यावर गडद रंग हलकेच घासून कमी करा, नराचे कपाळ राखाडी असते. हे काम उघड्यावर, गॉगल आणि वाफांचा मुखवटा लावून.

रंग बसला की धातू हाताला सोसवेल इतका गरम असतानाच मधमाश्यांचे मेण पातळ लावून सुती कापडाने पुसा. शिल्प कोकणात किंवा गोव्यात राहणार असेल, तर खाऱ्या हवेतले क्लोराइड ब्राँझला खाते आणि फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. तिथे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा, साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा हात द्या. भुकटी दिसलीच तर आधी ती खरवडून काढा आणि मगच मेण लावा. वरून मेण चोपडले तर ती आत वाढत राहते.